काचेच्या न्हानीतली भाकर

मोठ्या हाटेलात राहून आलो म्हनलं की मोंढ्यातली मानसं पहिलं हेच इचारतेत, तिथं काय काय खाल्लं. आन् नेमकं तेवढंच सांगन्यासारखं न्हाई. मी तिथं खाल्ली ज्वारीची भाकर, लाल चटनी आन् कांदा. भाकर बी मीच थापलेली, म्हनजे येकीकडून जाड, येकीकडून करपलेली. आन् खाल्ली कुठं, तर न्हानीत बसून. येवढं ऐकलं की लोक पोट धरून हसतेत. मी बी हसतो. त्याच्या पुढचं मी कुनाला सांगत न्हाई.

मी उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल हाय. शाळेत गेलो न्हाई असं न्हाई, लई शाळांत गेलो, पोरांच्या खिचडीचे तांदूळ उतरवायला. बायको म्हनायची, तुमच्या पाठीला हाय तेवढी अक्कल डोक्याला असती तर आपलंच आडत दुकान असतं. ती गेली त्याला सहा वर्सं झाली. आम्हाला येकच लेक. ती हुशार निघाली, कुनावर गेली देवाला म्हाईत. शिकली, नांदेडला हापिसात लागली. जावई तिथंच येका कॉलेजात लॅबमधी हायेत. लई गरीब मानूस. बोलायच्या आधी दोन बार घसा खाकरतेत, आन् मंग बोलतच न्हाईत.

आमच्यात येक रीत हाय. लेकीला लेकरू होईस्तवर बापानं तिच्या घरी खायचं न्हाई. पानी बी प्यायचं न्हाई. आता कोन पाळतंय म्हना, पन आमच्या घरी पाळायचे. लग्न झालं तवा वाटलं, वरीस दोन वरीस, त्यात काय येवढं. तीन वर्सं झाली तरी पाळना हालला न्हाई. तेवढ्यात बायकोनं अंथरून धरलं. शेवटाला तिनं माझा हात धरून सांगितलं, "पोरीची कूस उजवंस्तवर तिच्या घरचा घोट बी घेऊ नगा. तुम्ही इथं खाली धरून बसा, मी वर जाऊन देवाच्या मागं लागते."

मला देवाचं काही येत न्हाई. आरतीत मी नुसतं तोंड हलवतो. पन उपाशी राहायला शिक्षान लागत न्हाई. म्हनलं, हे काम मला जमंल.

आन् जमलं बी. नऊ वर्सं मी नांदेडला जात राहिलो, पन सकाळच्या गाडीनं जायचं आन् दुपारच्या गाडीनं परत. पिशवीत माझी पान्याची बाटली. लेकीच्या दारात पायरीवर बसायचो. तिनं चहा टाकते म्हनलं की मी उठून कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचो. म्हनायचो, तुझ्या घरचं पानी जड हाय माय, माझ्या दातांना पेलत न्हाई. पहिली काही वर्सं ती हसायची. मंग हसायची थांबली. मला वाटलं, माझा जोक जुना झाला. मी दुसरा बनवला.

ह्या साली तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिचा फोन आला. म्हनली, "आप्पा, तुम्ही माझ्या घरी जेवत नाही ना? मग हॉटेलात चला. नवीन मोठं झालंय इथं. एक दिवस राहू. ते माझं घर नाही, कुणाचंच घर नाही. मला एकदा तुमच्यासोबत बसून जेवायचं आहे."

मी हाव म्हनलो. फोन ठेवला आन् घोर लागला.

मोंढ्यात ह्याच्यावर पंचाईत बसली. पोत्यांचा बारदाना शिवनारे आमचे चाचा म्हनले, हाटेल काय कुनाचं घर असतंय का, जा, पोटभर खा, पोरीला खूश कर. दुसरा येक हमाल म्हनला, चाचा असं कसं, खर्च लेक करनार म्हनजे मीठ लेकीचंच. दोघांचं बी मला पटलं. माझं हेच वंगाळ हाय, जो शेवटी बोलतो त्याचं मला पटतंय, आन् शेवटी तो हमाल बोलला होता. म्हनलं, नऊ वर्सं धरलं, आता येका जेवनासाठी कशाला सोडायचं. कुनी सांगावं, वर बायकोचं काम व्हायला आलं असंल. मी सकाळी उठून भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, पिशवीत धोतराच्या खाली दाबल्या आन् येस्टीत बसलो.

लेक आन् जावई स्टँडवर घ्यायला आले होते. लेक मला वाळल्यावानी दिसली. मी म्हनलं, हापिसात लई काम हाय वाटतं. ती म्हनली, हाव. माझी नजर येवढीच. पोत्यात अर्धा किलो कमी असलं तर मला पाठीवर घेतल्या घेतल्या कळतंय.

हाटेलाच्या दारात येक मानूस उभा. डोक्यावर ह्यो येवढा फेटा, पिळदार मिशी, जरीचा कोट. मला वाटलं आत लग्न हाय आन् ह्ये कुनीतरी मानाचे पावनं. मी वाकून रामराम घातला, म्हनलं, पावनं, मुलीकडले का मुलाकडले? तो माझ्या कानाजवळ आला आन् हळूच म्हनला, "काका, मी दारवान हाय, देगलूरचा. वाकायचं काम माझं हाय. तुम्ही वाकले तर माझी नोकरी जाईल."

दार कसं, तर आमच्या उदगीरच्या किल्ल्याला हाय तसं, लाकडी, मोठाले खिळे ठोकलेलं. म्हनलं लई वजनाचं असंल, आन् मी सवयीनं खांदा लावला. ते दार आपल्या आपन सरकलं. मी खांद्यासगट आत जाऊन पडलो. दोन पोरी धावत आल्या, येकीनं मला कुंकू लावलं, दुसरीनं गार फडकं दिलं. मला वाटलं लागलंय म्हनून दिलं. मी ते गुडघ्याला बांधलं. जावई खाकरले आन् म्हनले, मामा, ते तोंड पुसायला हाय.

आत सगळा जुना बाजार मांडलेला. बैलगाडी मधून कापून अर्धी भिताडाला लावलेली. मी मागं जाऊन बघून आलो, बाकीची अर्धी कुठं हाय. दगडी जात्यात पानी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडलेल्या. माझ्या मायची निम्मी जिंदगी असल्या जात्यावर गेली, तिनं हे बघितलं असतं तर पाकळ्यांसगट दळून काढलं असतं. आन् ह्या सगळ्याच्या मधी लिफ्ट, बटनं, भितीवर टीव्ही. म्हनजे आजा आन् नातू येकाच खोलीत बसवावे तसं.

काउंटरवर सही मागितली. सही मला येती. लेक पाचवीत होती तवा तिनं मला शिकवली, कोळशानं फरशीवर गिरवून घेतली. आंगठा लावायचा नाही आप्पा, म्हनायची. मी पेन धरला आन् सावकाश येकेक अक्षर उतरवायला लागलो. मागं दोन-तीन गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली. लेक बाजूला उभी होती. ती मला घाई कर म्हनली न्हाई.

माझी खोली येगळी, त्यांची शेजारी. जावयानं दाखवलं, हे कार्ड भितीतल्या फटीत घातलं की लाइटी लागतेत. न्हानी बघून मी गारच पडलो. न्हानीला भीत न्हाई, काच हाय. आत बसलेला मानूस पलंगावरून दिसावा अशी. मी म्हनलं, जावईबापू, ह्या लोकांना भीत बांधायला सिमेंट पुरलं न्हाई का? ते म्हनले, पडद्याचं बटन हाय. आन् मंग ते बटन दोघांना बी सापडलं न्हाई.

ठरलं असं, की सात वाजता खाली जेवायला जायचं. माझा बेत असा, की साडेसहालाच आपली भाकर खाऊन घ्यायची, आन् खाली बसून म्हनायचं, आज पोट गच्च हाय. तिच्यासोबत बसनं बी झालं आन् रीत बी राहिली. येवढी हुशारी माझ्या डोक्यातून निघाली म्हनून मी लई खूश होतो.

सव्वासहाला मी खिडकीचे पडदे लावले, फडकं काढलं. तेवढ्यात इचार आला, ते कार्ड असं भितीत उघडं ठेवलं, कोनी काढून नेलं तर लेकीला बोल लागंल. मी ते काढलं आन् बंडीच्या खिशात घातलं. दोन मिनटांनी सगळ्या लाइटी गेल्या. म्हनलं, नांदेडला बी लोडशेडिंग हाय, बरं वाटलं. खोलीत चहावाला पोऱ्या येईल ह्या भ्यानं न्हानीत गेलो, त्या पांढऱ्या कमोडचं झाकन लावलं आन् त्याच्यावर बसून भाकर मोडली. अंधारात काच काय आन् भीत काय.

दारावर कोनी तरी वाजवलं. तोंडात घास होता. मी बोललो न्हाई. परत वाजलं. लेकीचा आवाज आला, आप्पा. मी घास गिळायला गेलो, तो कोरडा, खालीच जाईना. आप्पा, आप्पा करत ती दार वाजवून राहिली. मंग बंद झालं. म्हनलं गेली.

ती गेली होती खाली, दुसरं कार्ड आनायला. तिला वाटलं बाप आत पडला. तिनं दार उघडलं, कार्ड फटीत घातलं, आन् सगळ्या खोलीत लखकन उजेड झाला.

काचेच्या ह्या बाजूला मी. कमोडवर बसलेलो, मांडीवर फडकं, फडक्यावर दीड भाकर, गालात घास. काचेच्या त्या बाजूला लेक आन् जावई. जावयानं दोन बार खाकरलं आन् ते बाहेर निघून गेले.

मी बाहेर आलो. चटनीचा हात कुठं पुसावा कळंना. म्हनलं, "ह्या लोकांनी संडास इतका चकाचक केलाय, मला वाटलं जेवायची खोली हाय." ती हसली न्हाई. पलंगाच्या काठाला बसली. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, भाकरीकडं बघितलं.

रागात आली की तिचं हापिसातलं बोलनं गळून पडतंय. म्हनली, "काय करून राहिले आप्पा तुम्ही? माझ्या पुढं येक घास खायाला तुम्हाला इतकं जड हाय?"

मी म्हनलं, माय, हे तुझ्यासाठीच चाललंय. तुझ्या आईला शब्द दिलाय.

"किती दिवस?"

"लेकरू होईस्तवर."

तिनं पोटावर हात ठेवला. म्हनली, "लातूरला माझी पिशवी काढली आप्पा. तीन महिने झाले. आतमधी गाठी होत्या."

मला आठवलं. तीन महिन्यांमागं मी फोन केला तवा जावई म्हनले होते, ती ट्रेनिंगला लातूरला गेली हाय, पंधरा दिवस. मी म्हनलो होतो, लातूरला चालली तर बापाला सांगायचं न्हाई का, उदगीरहून किती लांब हाय, मी डबा घेऊन आलो असतो. जावई फोनवर लई येळ खाकरत होते.

मी इचारलं, मला का न्हाई सांगितलं. ती लई शांत बोलली. तिनं सांगितलं, की मी बाटली घेऊन पायरीवर बसलो की शेजारच्या बाया तिला इचारायच्या, वडील आत का येत न्हाईत, अजून काही न्हाई का. प्रत्येक बारीला. मी गेल्यावर ती पायरी धुऊन काढायची आन् रडायची. आन् मी तिकडं टपरीवर चहा पिताना सगळ्यांना हसवत बसायचो. मी तिच्या दारात बसलेली पाटीच होतो म्हना, फक्त मला वाचता येत न्हाई.

मंग ती म्हनली, "आता व्हायचंच न्हाई. मंग तुम्ही माझ्या घरी कधीच जेवनार न्हाई का?"

माझं तोंड जिंदगीत कधी रिकामं राहिलं न्हाई. मयतीत बी मी लोकांना हसवलंय. त्या टायमाला मी उरलेली भाकर फडक्यात बांधत बसलो.

सात वाजता जावई आले, हळूच म्हनले, मामा, टेबल सांगितलंय. आम्ही खाली गेलो. खोलीत बसून राहन्यापेक्षा ते बरं होतं. पितळी ताटं, केळीची पानं, वरून गार हवा. वाढपी येऊन सांगायला लागला, सर, ही आपल्या मराठवाड्याची पारंपरिक ज्वारीची भाकरी. मी मागं बघितलं, सर कोन हाय. भाकर तळहाताएवढी, टोपलीत, इस्त्री केलेल्या रुमालात. तांब्याच्या गिलासात पानी ओतलं.

लेक माझ्या हाताकडं बघत होती. मी गिलास उचलला. ओठाला लावला बी. आन् मला असं झालं, की हा घोट घेतला की संपलं. जे लेकरू येनार होतं ते आता येत न्हाई, हे मी माझ्या तोंडानं कबूल केलं. नऊ वर्सं मी त्याच्यासाठी दार धरून उभा होतो. मी त्याला खांद्यावर घेऊन मोंढ्यात फिरवलं होतं, पोत्यांच्या थप्पीवर बसवलं होतं, सगळं मनातल्या मनात. मी गिलास खाली ठेवला.

"राहू द्या आप्पा," ती म्हनली. "नका पिऊ."

ती रागानं म्हनली असती तर मी सोसलं असतं. ती समजून म्हनली. ती दोघं थोडं थोडं जेवली. वाढप्यानं येऊन इचारलं, सर, तुम्हाला काही आवडलं नाही का? मी म्हनलं, लई आवडलं, म्हनूनच बघत बसलोय.

सकाळी ते मला स्टँडवर सोडायला निघाले. आटोत बसल्यावर मी म्हनलं, आधी घरी चला. लेक म्हनली, काही विसरलं का? मी म्हनलं, हाव.

घरी गेलो तर ती कुलूप काढून बाजूला झाली, मी पायरीवर बसतो म्हनून. मी चपला काढल्या आन् आत गेलो. नऊ वर्सांत मला म्हाईत नव्हतं तिचं सैंपाकघर कुठल्या बाजूला हाय. ते सापडेना, मी आधी झोपायच्या खोलीत घुसलो. मंग सैंपाकघरात जाऊन फरशीवर मांडी घालून बसलो.

म्हनलं, "माय, पानी दे."

ती म्हनली, बाटली भरून देऊ का? मी म्हनलं, न्हाई, तांब्यात दे.

तिनं दिला. मी प्यालो. सगळा तांब्या, दम न घेता. पानी साधंच होतं, नळाचं. जावई दारात उभे होते, ते तोंड फिरवून भिताडाकडं बघायला लागले. लेकीनं तांब्या माझ्या हातातून घेतला, धुतला न्हाई, तसाच ओट्यावर ठेवला आन् पिठाचा डबा काढला. परातीत पीठ घेतलं. लई येळ थापायचा आवाजच आला न्हाई, तिची पाठ माझ्याकडं होती. मंग आला.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजारचे पिठलं-भाकर आनून देतेत, ते इच्छा नसली तरी खावं लागतंय. त्याला कडू घास म्हनतेत. बायको गेली तवा मी तसला घास खाल्ला होता. लेकीच्या घरचा पहिला घास तोंडात घातला आन् मला वाटलं, हा बी तोच हाय. ज्याच्यासाठी हाय त्याला नाव न्हाई, तोंड न्हाई, त्याला कोनी बघितलं न्हाई. आम्ही तिघं त्याच्या नावाच्या भाकरीपुढं बसलो होतो.

ती माझ्या पुढं बसून ताटाकडं बघत होती. येक भाकर संपली की दुसरी टाकायची. मला भूक नव्हती. दोन झाल्या, तीन झाल्या. गाडी कवाच निघून गेली. तिनं चौथी वाढली. नको म्हनायची माझी हिंमत झाली न्हाई.